बातम्यांवर उतारा

राजेहो, रात्री जेवणाच्या वेळी मेसमधला टीव्ही बंद ठेवावा, असं माझं स्पष्ट मत आहे. राजकारण वाईट म्हणून नाही, घास कडू होतो म्हणून!

२३ नोव्हेंबर २०१९ चा तो सकाळचा शपथविधी चौथ्याच दिवशी राजीनाम्यावर आला. तेव्हा आम्ही शाळेत होतो, गंमत वाटली. मग जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली, जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी. २०२४ मध्ये आम्ही पहिल्यांदा मतदान केलं, आणि खरी सेना कोणती, खरी राष्ट्रवादी कोणती, यावरून आमच्या विंगमधले दोन रूम पार्टनर भांडले ते भांडलेच. आता मीठसुद्धा तिसऱ्याकडून मागतात!

मी आपला ताट धुतलं की गच्चीवर जातो आणि इअरफोन लावून भीमसेन जोशी ऐकतो. दहा मिनिटांत अँकरचा आरडाओरडा डोक्यातून उतरतो. पोरं मला पळपुटा म्हणतात. म्हणोत बापडे! आपल्या वर्ध्याचंच बघा ना. १४ जुलै १९४२ ला काँग्रेस कार्यकारिणीने इंग्रजांनी भारत सोडावा हा ठराव इथेच केला. पण सेवाग्रामला बापूंच्या रोजच्या प्रार्थनेत भजन असायचंच. १९३६ मध्ये तिथे राहून गेलेले तुकडोजी महाराज तर खंजिरीवाले, आणि १९४२ मध्ये तुरुंगातही गेले. त्यांना म्हणाल पळपुटे?

त्या दोघांना मी शनिवारी गच्चीवर बोलावलंय. इअरफोनची एकेक बाजू एकेकाला. अट एकच, गाणं संपेपर्यंत बोलायचं नाही. तसंही ते कुठे बोलतात!