पालकाची सही

पंचवीस-तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. बीड जिल्ह्यातल्या आमच्या बँकेच्या शाखेत एक पोरगा आला. ओठांवर नुकती फुटलेली मिसरूड, हातांवर दुपट्यात गुंडाळलेली मुलगी. ऊसतोडीहून परतला होता. उचल फिटून उरलेल्या पैशातले शंभर रुपये त्याला लेकीच्या नावाने ठेवायचे होते. 'पालकाची सही' या रकान्यापाशी मी थांबलो. शाळेच्या दाखल्यावरून त्याचे वय १७ भरत होते. म्हणालो, "बाळ, वडिलांना घेऊन ये." तो म्हणाला, "साहेब, बाप तर मीच हाय." तो पुन्हा आला नाही.

नियमाने मी चुकलो नव्हतो. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यानुसार अज्ञान व्यक्ती दुसऱ्या अज्ञानाच्या मालमत्तेची पालक होऊ शकत नाही. तरी त्याचे ते वाक्य अजून डोक्यातून गेलेले नाही.

बालविवाहाची चर्चा आपण मुलीपासून सुरू करतो, ते योग्यच आहे. शाळा तिची सुटते, जीव तिचा धोक्यात येतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या दर १०० स्त्रियांपैकी सुमारे २२ जणींचे लग्न १८ वर्षांआधी झालेले आढळले. त्यांचे नवरे बहुधा वयाने मोठे असतात. पण काही तिच्याइतकेच कोवळे. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात आणि मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. म्हणून पोराचेही लग्न लवकर उरकले जाते. कमावते व्हायला त्याला सगळे सांगतात, बाप व्हायला कोणी शिकवत नाही. फडाच्या कडेला झोळीतले पोर रडले, की डोक्यावरची मोळी टाकून धावते ती आईच.

कायद्याला हा बाप दिसतो तो आरोपी म्हणून. गरोदर मुलगी १८ च्या आतली असेल, तर २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे दवाखान्याला पोलिसांना कळवावेच लागते. मुलींच्या संरक्षणासाठी ही तरतूद हवीच. पण तिच्या धाकाने बाळंतपणाच्या वेळी हा पोरगा दवाखान्याच्या फाटकाबाहेर राहतो, आणि पुढे घरातही बाहेरच्या ओट्यावरच.

असली लग्ने थांबली पाहिजेत, यात दुमत नाही. पण जन्माला आलेले मूल त्यासाठी थांबून राहत नाही. आशाताई पहिल्या ४२ दिवसांत सहा-सात वेळा घरी येतात, बाळाचे वजन करतात, ताप बघतात, आईला आणि आजीला चार गोष्टी सांगतात. त्याच वेळी ओट्यावरच्या पोराला आत बोलवावे. बाळाला ऊब मिळावी म्हणून उघड्या छातीशी कसे धरायचे, लसीची तारीख कोणती, दुसरे मूल इतक्यात का नको, हे त्यालाही सांगावे. याला वेगळी योजना लागत नाही, पैसाही लागत नाही.

त्या दिवशी त्या पोराने लेकीला मानेखाली हात देऊन अगदी नीट धरले होते. हे तुला कोणी शिकवले, असे मी त्याला विचारायला हवे होते. मी दाखला मागितला.