वर्गणी आगाऊ, वायदा मोघम

अॅमेझॉनने भारतात ‘प्राइम’ सुरू केले ते जुलै 2016 मध्ये. सुरुवातीची सवलतीची वर्गणी वर्षाला 499 रुपये. त्या बदल्यात शंभरहून अधिक शहरांत एक किंवा दोन दिवसांत माल घरपोच, तोही पाठवणावळ न घेता. पाचशेची वस्तू मागवा नाहीतर पन्नासची. ‘प्राइम व्हिडिओ’ तेव्हा भारतात आलेलाच नव्हता, तो डिसेंबरात आला. म्हणजे पहिल्या सभासदांनी खिशात हात घातला तो सिनेमासाठी नव्हे, निव्वळ वेगासाठी.

पुढे ही वर्गणी 999 झाली आणि डिसेंबर 2021 मध्ये 1,499. एप्रिल 2023 मध्ये महिन्याचा दर 179 वरून 299 रुपयांवर गेला. जून 2025 पासून सभासदांच्या सिनेमा-मालिकांमध्ये जाहिराती आल्या. त्या नको असतील तर वर्षाला आणखी 699 रुपये भरा. म्हणजे जे पूर्वी एका वर्गणीत मिळत होते त्याचे आता 2,198 रुपये होतात. त्याच सुमारास दर ऑर्डरमागे पाच रुपयांचे ‘मार्केटप्लेस शुल्क’ सुरू झाले, त्यातून सभासदही सुटले नाहीत. पाच रुपयांसाठी कोण भांडणार, हे लावणाऱ्याला पक्के ठाऊक असते.

वर्गणी वाढली हे तक्रारीचे मूळ नव्हे. वर्गण्या वाढतात, अमेरिकेत 2005 मध्ये 79 डॉलरला सुरू झालेले हेच सभासदत्व 2022 पासून 139 डॉलरला आहे. तक्रार अशी, की पैसे कशाचे घेतले ते कुठेही धडपणे लिहिलेले नसते. लोकलचा पास काढला की त्यावर कुठून कुठपर्यंत, कोणता वर्ग, कधीपर्यंत हे सगळे छापलेले असते. गाडी उशिरा येईल, बसायला जागा मिळणार नाही, पण दादर-कर्जत पास मध्येच बदलापूरच्या पुढे चालेनासा होत नाही. ऑनलाइन खरेदीच्या सभासदत्वात मात्र वर्गणी आज कापली जाते आणि ‘उद्या’ म्हणजे नक्की कधी, हे दर वस्तूला, दर पत्त्याला नव्याने ठरते.

घरबसल्या करून पाहता येईल. एकच वस्तू, समजा मिक्सरच्या भांड्याची रबरी रिंग, शोधावी आणि पत्त्याच्या जागी आधी ठाण्याचा 400601 हा पिनकोड टाकावा, मग गडचिरोलीचा 442605. खाते तेच, वस्तू तीच. तारीख पुढे सरकते. काही वस्तूंना तर ‘या पत्त्यावर पाठवता येत नाही’ अशी ओळ येते. सभासदत्वाच्या पानावर जाऊन पाहिले तर वर्गणी दोन्हीकडे 1,499 रुपयेच.

हा फरक भूगोलाचा आहे आणि काही अंशी समजण्यासारखाही आहे. जीएसटी 2017 मध्ये आला, राज्याराज्यांत वेगवेगळी गोदामे ठेवण्याची करापोटीची गरज संपली आणि मोठ्या कंपन्यांचा माल भिवंडीसारख्या ठिकाणच्या अवाढव्य गोदामांत एकवटला. भिवंडीच्या फडताळात असलेली वस्तू ठाण्याला उद्या सकाळी जाणारच. तीच वस्तू भिवंडीत नसेल आणि दूरच्या राज्यातल्या विक्रेत्याकडून निघत असेल तर ठाणेकरालाही थांबावे लागते. आणि सिंधुदुर्गातल्या किंवा मेळघाटातल्या गावी ती वर्गवारी केंद्र, तालुक्याचे वितरण केंद्र आणि शेवटी एका मुलाच्या दुचाकीवरची भलीमोठी बॅग, असा प्रवास करते. शेवटच्या टप्प्यात फोन येतो, ‘‘साहेब, गाडी फाट्यापर्यंतच येते, तिथं येताय का?’’ गेले तर ‘घरपोच’, नाही गेले तर मोबाइलवर ‘ग्राहक उपलब्ध नव्हते’ असा निरोप. हा अनुभव कुठल्या एका कंपनीचा नाही. खेड्यापाड्यात ज्यांनी ज्यांनी काही मागवले आहे त्यांना तो नवा वाटणार नाही. त्या मुलाचाही यात दोष नाही. त्याला मिळतात ते पार्सलमागे मोजून, आणि फाट्यापासून वाडीपर्यंतचे पेट्रोल त्याच्याच खिशातले.

कंपनी म्हणेल, आमचा वेग तर दरवर्षी वाढतो आहे. ते खोटे नाही. अमेरिकेत 2023 आणि 2024 या दोन्ही वर्षी ‘आजवरची सर्वांत वेगवान डिलिव्हरी’ अशी घोषणा अॅमेझॉनने केली. पण हा वेग सरासरीचा असतो, आणि सरासरीला पत्ता नसतो. दाट वस्तीत अर्ध्या दिवसात गेलेली पार्सले वाढली, की लांबच्या गावात दोनाचे पाच दिवस झाले तरी सरासरी सुधारलेलीच दिसते. अंधेरीचा सभासद आणि अहेरीचा सभासद एकाच आकड्यात बसवले, की अहेरीचा माणूस त्यात दिसतच नाही.

हे नुसते तर्कट नाही, याचा दाखला वॉशिंग्टनमध्ये आहे. डिसेंबर 2024 मध्ये तिथल्या अॅटर्नी जनरलने अॅमेझॉनवर खटला भरला. अॅनाकोस्टिया नदीच्या पूर्वेला 20019 आणि 20020 असे दोन पिनकोड आहेत. वस्ती बहुतांश कृष्णवर्णीय, उत्पन्न कमी आणि किराणा-भुसाराची दुकानेही मोजकी. आरोप असा, की जून 2022 पासून कंपनीने या दोन पिनकोडांत आपल्या वेगवान गाड्या पाठवणे बंद केले आणि माल टपालासारख्या इतर वाहकांच्या हवाली केला, पण सभासदांना त्याचा पत्ता लागू दिला नाही. खटल्यातल्या आकड्यांनुसार 2021 मध्ये या भागातली 72 टक्क्यांहून अधिक पार्सले दोन दिवसांत पोहोचत होती. 2023 मध्ये हे प्रमाण 24 टक्क्यांपर्यंत घसरले. त्याच काळात उरलेल्या शहरात ते 74 टक्के होते. या दोन पिनकोडांतले सभासद जवळपास 50 हजार, आणि वर्गणी सगळ्यांना सारखी.

अॅमेझॉनने भेदभावाचा आरोप फेटाळला. त्या भागात चालकांवर हल्ले झाले, त्यांच्या सुरक्षिततेसाठी हा बदल केला, असे कंपनीचे म्हणणे. ते खरे मानले तरी प्रश्न उरतोच. चालकाचा जीव आधी, याबद्दल दुमत कशाला? मग ‘तुमच्या भागात आता उशीर होईल’ हे सभासदांना सांगायला काय हरकत होती? किंवा वर्गणी कमी करायला? सरकारी वकिलांनी असाही आरोप केला की उशिराबद्दल विचारणाऱ्या ग्राहकांना ‘परिस्थितीमुळे असे होते’ छापाची उत्तरे दिली गेली.

या खटल्यातून आपल्या कामाची एक गोष्ट बाहेर येते. प्रत्येक पिनकोडात किती पार्सले किती दिवसांत पोहोचली याचा हिशेब कंपनीकडे टक्क्यापर्यंत असतो. तो काढावा लागत नाही, तयारच असतो. फक्त तो ग्राहकाला दाखवला जात नाही.

पिनकोड ही मुळात एका मराठी माणसाची देणगी. टपाल खात्यात वरिष्ठ अधिकारी असलेले संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेली ही पद्धत 15 ऑगस्ट 1972 पासून लागू झाली. एकाच नावाची अनेक गावे, वेगवेगळ्या लिपींतले पत्ते, अर्धवट अक्षर, तरीही पत्र योग्य दारी जावे हा तिचा हेतू. टपाल खाते तरी तिकिटाचे पैसे गावागणिक वेगळे घेत नव्हते आणि दुर्गम गावाला उद्याचे आमिषही दाखवत नव्हते.

आता हिशेबाचे बोलू. सभासद नसलेल्यालाही साधारण 499 रुपयांच्या पुढची बरीचशी खरेदी अॅमेझॉनवर पाठवणावळीशिवाय मिळते. छोट्या ऑर्डरला चाळीस रुपये पडतात असे धरले, तर 1,499 रुपये वसूल व्हायला वर्षात 37-38 छोट्या ऑर्डरी लागतात, म्हणजे महिन्याला तीन. ज्या घरात महिन्याची यादी एकदम होते त्या घराने पाठवणावळ वाचवण्यासाठी सभासद होण्यात काही हशील नाही. उरतो तो वेग. पण मुंबई-पुण्यात तातडीची कोथिंबीर आणि डायपर आता ब्लिंकिट, झेप्टो, इन्स्टामार्टच्या दुचाकीवरून येतात. दुसऱ्या दिवशीची डिलिव्हरी तिथे जुनी गोष्ट झाली. आणि जिथे ही मंडळी पोहोचत नाहीत, त्या लहान गावांत ‘उद्या’चाच भरवसा नाही. म्हणजे जिथे वेग मिळतो तिथे त्याची गरज घटली, आणि जिथे गरज आहे तिथे तो मिळत नाही. मग वर्षाची वर्गणी चालते कशावर? बरीचशी सिनेमांवर, मालिकांवर आणि सवयीवर. एकदा पैसे भरले की माणूस ते ‘वसूल’ करायला अधिक खरेदी करतो, ही मानसिकता वर्गणी घेणाऱ्यांच्या धंद्याचा पाया आहे.

खाण्याचे पदार्थ पोहोचवणाऱ्यांनी तर कमालच केली. झोमॅटोने मे 2025 पासून पावसातला जादा आकार ‘गोल्ड’ सभासदांनाही लावायला सुरुवात केली. आधी त्यांना त्यात सूट होती. मेचा मुहूर्त मोठा समर्पक. महाराष्ट्रात पुढचे चार महिने पाऊस, आणि पावसातच तर भजी-बिर्याणी मागवायची हुक्की येते. पावसात भिजणाऱ्या मुलाला चार पैसे जास्त मिळत असतील तर ते द्यायला कोणी कुरकुर करू नये. पण ज्याने आधीच्या अटी पाहून सभासदत्व घेतले, त्याच्या अटी मुदत संपण्याआधी का बदलाव्यात, याचे उत्तर कुणी देत नाही. ‘अटींमध्ये बदल करण्याचा अधिकार कंपनी राखून ठेवते’ हे एक वाक्य सगळ्यावर पांघरूण घालते.

बरे, नको असेल तर सोडून द्यावे, असे म्हणणे सोपे आहे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 2023 मध्ये अॅमेझॉनवर जो खटला भरला त्यात सोडून देण्याची वाट कशी होती ते नोंदवले आहे: चार पाने, सहा क्लिक, पंधरा पर्याय. आत शिरायला मात्र एक-दोन क्लिक पुरत होते. या प्रक्रियेला कंपनीत अंतर्गत नाव होते ‘इलियड’, होमरच्या ट्रॉयच्या लढाईवरच्या महाकाव्याचे. ज्याने हे नाव ठेवले त्याच्या प्रामाणिकपणाला दाद द्यावी लागेल. सप्टेंबर 2025 मध्ये प्रकरण तडजोडीने मिटले: 2.5 अब्ज डॉलर, त्यातला 1 अब्ज दंड आणि 1.5 अब्ज ग्राहकांना परत. कंपनीने चूक मान्य केली नाही, पैसे मात्र मान्य केले.

आपल्याकडे कायदा नाही असे नाही. नोव्हेंबर 2023 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ‘डार्क पॅटर्न’ म्हणजे पडद्यावरच्या फसव्या मांडणीविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यातल्या तेरा प्रकारांत वर्गणीचा सापळाही आहे आणि किंमत हळूहळू उलगडत नेणेही. रिझर्व्ह बँकेच्या 2021 पासूनच्या नियमानुसार कार्डावरून आपोआप कापल्या जाणाऱ्या वर्गणीची सूचना किमान 24 तास आधी द्यावी लागते. हा संदेश ओटीपी आणि कर्जाच्या जाहिरातींच्या गर्दीत येतो, म्हणून तो वाचायचा राहतो. पण येतो.

या सगळ्यात एक फट आहे. कापणे पारदर्शक असावे, सोडणे सोपे असावे, इथपर्यंत नियम पोहोचले. जे विकले ते किती दिले, तिथपर्यंत नाही. वेग वाढवा, अशी मागणी इथे नाही. जानेवारी 2026 मध्ये केंद्रीय कामगारमंत्र्यांच्या मध्यस्थीनंतर ब्लिंकिटने ‘दहा मिनिटांत’ ही जाहिरात मागे घेतली, ते बरेच झाले. मागणी एवढीच, की वर्गणी घेण्याआधी आणि दरवर्षी ती पुन्हा कापण्याआधी ग्राहकाला त्याच्या पिनकोडचा गेल्या वर्षाचा आकडा दाखवावा: शंभरातली किती पार्सले एका दिवसात आली, किती दोन दिवसांत, किती सांगितलेल्या तारखेनंतर. जिथे हे प्रमाण ठरावीक पातळीच्या खाली असेल तिथे वर्गणीही कमी असावी. आणि मुदतीच्या मध्यात सेवा छाटली तर उरलेल्या महिन्यांचे पैसे मागता यावेत. यासाठी नवी यंत्रणा लागत नाही, माहिती कंपन्यांच्या संगणकात आहेच. यातून व्यवसायगुपित फुटेल ही सबबही टिकणारी नाही. रेल्वेच्या गाड्यांचे उशीर सगळा देश मोबाइलवर पाहतो.

एकट्या ग्राहकाने 1,499 रुपयांसाठी जिल्हा ग्राहक आयोगात जावे ही अपेक्षा फोल आहे. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला तिथे शुल्क लागत नाही हे खरे, पण तारखांना रजा लागते. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवणे त्याहून सोपे, आणि एकाच प्रकारच्या तक्रारी साठल्या की प्राधिकरणाला स्वतःहून हात घालता येतो. वेळेच्या वायद्याला हात घालण्याची त्याला सवय नाही असेही नाही. ‘पाच मिनिटांत रिक्षा, नाहीतर 50 रुपये’ अशी जाहिरात रॅपिडोने शंभरहून अधिक शहरांत दीड वर्षे चालवली होती. प्रत्यक्षात मिळत होते ते ‘50 रुपयांपर्यंत’, तेही रोख नाही, सात दिवसांत संपणारी नाणी, आणि ती फक्त बाइकच्या फेरीला चालणारी. ऑगस्ट 2025 मध्ये प्राधिकरणाने रॅपिडोला दहा लाखांचा दंड केला आणि ज्या ग्राहकांना पैसे मिळाले नव्हते त्यांना पूर्ण 50 रुपये द्यायला लावले. पाच मिनिटांचा वायदा तपासणाऱ्या या प्राधिकरणाने आता एक-दोन दिवसांच्या वायद्याचे आकडे, पिनकोडासकट, मागवून घ्यावेत.