सवलत आली, गाडी कधी येणार?



हंगाम सुरू झाला की आपल्या कार्यक्षेत्रात दोन गोष्टींची वाट पाहिली जाते. शेतात टोळीची आणि फाट्यावर एसटीची. टोळी उशिरा आली तर आपण शेतकी ऑफिसात जाऊन टेबल वाजवतो, चिटबॉयला रस्त्यात गाठतो, वेळ पडली तर संचालकांच्या ओट्यावर जाऊन बसतो. एसटी आली नाही तर मात्र मुकाट्यानं वडापात अंग चोरून बसतो आणि घरी येऊन सरकारला चार शिव्या घालतो. या दोन वागण्यांतला फरक आम्हाला अलीकडे फार खटकू लागला आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

गटसभेसाठी एका वाडीवर गेलो असताना फाट्यावर एक वयोवृद्ध सभासद भेटले. वय अठ्ठ्याहत्तर. आधार कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बंडीच्या खिशात जपून ठेवलेलं. तालुक्याला डोळे दाखवायला निघाले होते. सकाळी सातपासून बसलेले, आम्ही पोचलो तेव्हा साडेनऊ झाले होते. आम्ही सहज म्हणालो, "आबा, तुमच्या वयाला तिकीट माफ झालंय की आता." आबा हसले. म्हणाले, "माफ झालंय, ते खरं हाय. पर फुकाट बसायला आदी गाडी तर पायजे का नगं?"

या एका वाक्यात सगळा विषय आला. बाकीचं आम्ही फक्त उलगडून सांगणार आहोत.

प्रथम सरकारचं जे चांगलं आहे त्याला चांगलं म्हटलं पाहिजे. ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तरीच्या पुढच्या ज्येष्ठांना एसटीचा प्रवास मोफत झाला. पासष्ट ते पंच्याहत्तर वयाला अर्धं तिकीट आहे. मार्च २०२३ पासून महिलांना सर्व प्रकारच्या एसटी गाड्यांत अर्धं तिकीट झालं. विद्यार्थ्यांच्या मासिक पासात दोन तृतीयांश सवलत आहे आणि ग्रामीण भागातल्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून बारावीपर्यंत पास मोफत आहे. २०२४ च्या जूनपासून हे पास शाळेतच देण्याची सोय सुरू झाली, त्यामुळे पोरींचं पासाच्या रांगेत दिवस मोडणं वाचलं. ही काही लहान गोष्ट नाही. महिलांची सवलत सुरू झाल्यावर गाड्यांत बायामाणसांची गर्दी वाढली, हे आपण डोळ्यांनी पाहिलं. माहेरी, दवाखान्यात, बाजारात, बचत गटाच्या कामाला जाताना घरच्या पुरुषाकडं दहा रुपये मागायची पाळी कमी झाली. ज्यांना हे फुकट वाटप वाटतं, त्यांनी एकदा दुधाचा हिशेब घरातल्या बाईच्या हातात देऊन पाहावा.

पण सवलत तिकिटावर मिळते, आणि तिकीट गाडीत मिळतं. ज्या वाडीवर गाडीच जात नाही, तिथल्या बाईला पन्नास टक्के सवलत म्हणजे पन्नास टक्के काहीच नाही. वडापवाला आधार कार्ड बघून अर्धे पैसे घेत नाही. म्हणजे सवलतीचा लाभ तालुक्याच्या रस्त्यावरच्या मोठ्या गावाला पुरा आणि आडबाजूच्या वाडीला कोरडा. गरज मात्र नेमकी उलटी आहे.

हे असं का झालं? २०२१ च्या ऑक्टोबरअखेर एसटीचा संप सुरू झाला, तो २०२२ च्या एप्रिलपर्यंत चालला. कर्मचाऱ्यांच्या मागणीत, पगारातल्या ओढाताणीत तथ्य होतं, यात आम्हाला शंका नाही. पण त्या पाच-साडेपाच महिन्यांत खेड्यातल्या माणसाची सवय मोडली. कुणी मोटारसायकल घेतली, कुणी वडाप धरलं, आणि काही घरांनी पोरीची शाळाच थांबवली. संप मिटला, पण आपल्या कार्यक्षेत्रातल्या काही फेऱ्या परत आल्याच नाहीत. विचारायला गेलं की एकच उत्तर मिळतं: उत्पन्न नाही.

आता हे उत्पन्न कसं मोजतात ते पाहा. गाडी किती किलोमीटर धावली आणि तिकिटाचे किती पैसे आले, त्यावरून दर किलोमीटरचं उत्पन्न काढतात. कमी आलं की फेरीवर लाल खूण. आधी फेरीची वेळ चुकते. वेळ चुकली की माणसं वडापनं जातात. माणसं गेली की उत्पन्न घटतं. उत्पन्न घटलं की फेरी बंद. मग कागदावर लिहिलं जातं, 'प्रवाशांचा प्रतिसाद नाही.' अहो, पाणीच सोडलं नाही आणि ऊस वाळला तर जमिनीला दोष कसा देता?

आम्ही एसटीच्या तोट्याकडं डोळेझाक करत नाही. महामंडळाचा संचित तोटा दहा हजार कोटी रुपयांच्या पुढं गेल्याचं २०२५ च्या श्वेतपत्रिकेतून सर्वांसमोर आलं. डिझेल, टायर, सुटे भाग, पगार, सगळं वाढलं. ऑक्टोबर २०२१ मध्ये भाडं १७.१७ टक्के वाढलं आणि त्यानंतर जानेवारी २०२५ मध्ये १४.९५ टक्के. भाडेवाढीला आमचा सरसकट विरोध नाही. साखरेचा किमान विक्री दर २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये ठरला आणि पुढं वर्षानुवर्षे तिथंच रुतून बसला, त्याचा चटका आपण कारखानदारीत सोसला आहे. खर्च वाढत असताना दर गोठवला की संस्था आतून पोखरते, हे आपल्याला दुसऱ्यानं सांगायला नको. पण तीन-सव्वातीन वर्षं काहीच करायचं नाही आणि मग एका रात्रीत पंधरा टक्के चढवायचे, ही रीत मजुरी करणाऱ्याला झेपत नाही. खर्चाप्रमाणे दरसाल थोडी आणि आधी सांगून केलेली वाढ माणूस समजून घेतो.

दुसरी गोष्ट. सवलत जाहीर करतं सरकार, तिकीट कापत नाही एसटी. त्या फरकाचे पैसे सरकारनं महामंडळाला भरून द्यायचे असतात. ते वेळेवर आले नाहीत तर पगार अडतो, डिझेलची उधारी चढते आणि आगारातल्या नादुरुस्त गाडीला सुटा भाग मिळत नाही. अशी गाडी आगारात उभी राहिली की पहिली फेरी कुणाची कापली जाते? लांब पल्ल्याची नाही. वाडीची. शिवाय एसटीच्या तिकिटातून साडेसतरा टक्के प्रवासी कर वर्षानुवर्षे सरकार घेत आलं आहे. एका हातानं कर घ्यायचा, दुसऱ्या हातानं मदत द्यायची आणि वर तोट्याबद्दल बोल लावायचा, हा हिशेब आपल्या साध्या सोसायटीच्या सचिवालाही पटणार नाही.

मग तोट्याची फेरी चालवायचीच का, असा प्रश्न कुणी विचारील. त्याचं उत्तर आपल्याच कारखान्यात आहे. तोडणी-वाहतुकीचा खर्च आपण कसा आकारतो? कारखान्याच्या भोंग्याच्या आवाजात ज्याचं शेत आहे त्याचा ऊस आणि तीस-चाळीस किलोमीटरवरून येणारा ऊस, दोघांच्या बिलातून सरासरी खर्च वजा होतो. जवळचे सभासद दरवर्षी कुरकुरतात, आणि त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. तरी आपण ही पद्धत धरून ठेवली. कारण लांबच्या सभासदाचाही शेअर आहे, आणि त्याचा ऊस आल्याशिवाय गाळप पुरं होत नाही. जमत्या मार्गानं न जमत्या मार्गाला हात द्यायचा, यालाच आपण सहकार म्हणतो. तोच न्याय एसटीला लावा. फायद्यातल्या मार्गानं वाडीच्या फेरीचा भार काही अंशी उचलावा आणि राहिलेला सरकारनं उचलावा.

ही काही आमची मेहेरबानीची मागणी नाही. १९५० चा मार्ग परिवहन महामंडळ कायदा पाहा. कलम २२ म्हणतं, महामंडळानं व्यवहार धंद्याच्या तत्त्वानं करावा. अधिकारी ते आपल्याला तोंडपाठ म्हणून दाखवतात. पण त्याच्या आधी कलम १८ आहे. लोकांना कार्यक्षम, पुरेशी, परवडणारी आणि नीट सांगड घातलेली प्रवासी सेवा पुरवणं, हे महामंडळाचं कर्तव्यच त्यात सांगितलं आहे. 'पुरेशी' हा शब्द वाडीलाही लागू आहे.

१ जून १९४८ रोजी पुणे ते नगर (आजचे अहिल्यानगर) या मार्गावर एसटीची पहिली गाडी धावली. त्याच नगर जिल्ह्यात १९५०-५१ च्या हंगामात प्रवरेच्या सहकारी कारखान्याचा बॉयलर पेटला. त्यापूर्वी मोटार भरली की सुटायची आणि ऊस व्यापारी म्हणेल त्या दरानं जायचा. एसटी आणि सहकारी साखर कारखाना या दोन्ही गोष्टी एकाच पिढीनं, एकाच जिद्दीनं उभ्या केल्या. त्यातली एक आपल्या डोळ्यांदेखत खिळखिळी होत असेल तर गप्प बसणं शोभत नाही.

आता गाडी आली, तरी तिच्यात चढायचं कसं? एसटीची पहिली पायरी गुडघ्याच्या वर. साठी उलटलेल्या बाईला एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात दांडा धरून चढावं लागतं. पाय अधू असलेल्या माणसाला तर कुणीतरी बखोटीला धरून वर ओढायचं. दिव्यांगांना साध्या गाडीत पंचाहत्तर टक्के सवलत आहे, पण पायरी शंभर टक्के उंच आहे! २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं बसथांबे, स्थानकं आणि वाहनं सुगम करण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. नवीन गाड्या घेताना खालची जादा पायरी, दोन्ही बाजूंना धरायला दांडे आणि स्थानकावर उतरता रस्ता, एवढं आधी मागून घ्यायला फार मोठा खर्च येत नाही. स्थानकातली मुतारी मुलींना आत पाऊल टाकता येईल अशी असावी, हेही त्यातच आलं.

इथवर सरकारला सांगितलं. आता थोडं आपल्याला.

रस्ता खराब म्हणून गाडी बंद, असं कारण आगारातून येतं तेव्हा तो रस्ता कुणी मोडला हेही विचारावं लागेल. दोन-दोन ट्रॉल्या जोडून, मापाबाहेर ऊस भरून आपणच त्यावरून चार-पाच महिने नेतो. डांबर उखडतं, साइडपट्टी खचते, आणि त्याच खड्ड्यात एसटीचे पाटे तुटतात. रात्री रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली रस्त्यात उभी करून ट्रॅक्टरवाला चहाला जातो, आणि मुक्कामी गाडीचा ड्रायव्हर जीव मुठीत धरून येतो. मुक्कामाला आलेल्या ड्रायव्हर-कंडक्टरला झोपायला एक बरी खोली, पाणी आणि संडास देण्याचं किती गावांना सुचलं? पूर्वी पाटलाच्या सोप्यावर त्यांना अंथरूण मिळायचं, भाकरी मिळायची. आता गाडीतच डासांत झोपवतो आणि सकाळची गाडी वेळेवर सुटावी अशी अपेक्षा धरतो. आणि एसटी समोर उभी असताना पाच मिनिटं वाचवायला वडापात चढणारेही आपणच.

म्हणून आमचं सांगणं असं. सरकारनं सवलतीची रक्कम महामंडळाला महिन्याच्या महिन्याला द्यावी. प्रवासी कराचा फेरविचार करावा. ज्या फेरीवर शाळेचे पासधारक आहेत ती केवळ उत्पन्नाच्या आकड्यावर बंद करू नये. जिथं मोठी गाडी भरत नाही तिथं लहान गाडी द्यावी, पण गाडी द्यावी. आणि आपण? कारखान्यानं हंगाम संपताच आपल्या वाहतुकीनं मोडलेल्या रस्त्यांच्या दुरुस्तीत वाटा उचलावा, रिफ्लेक्टरशिवाय ट्रॉलीचं वजनच करू नये. ग्रामपंचायतीनं मुक्कामाची खोली द्यावी.

आणखी एक काम, बिनखर्चाचं. आपल्याला अनुभव आहे की नोंद नसलेल्या उसाला तोड मिळत नाही. फाट्यावर थांबलेल्या माणसाची नोंद कुणाच्याच वहीत नाही, म्हणून त्याला गाडी मिळत नाही. न आलेल्या गाडीचं तिकीट फाटत नाही, त्यामुळे आगाराच्या हिशेबी तिथं प्रवासीच नसतो. तेव्हा प्रत्येक गट ऑफिसात एक वही ठेवू या. कोणत्या फाट्यावर, कोणत्या वेळेची गाडी आली, किती उशिरा आली, आली नाही तर किती माणसं, किती पोरी ताटकळल्या, हे महिनाभर रोज लिहू या. लिहायला शाळेची मुलं आनंदानं तयार होतील, कारण थांबतात तीच. महिन्यानं सरपंच आणि सभासदांनी मिळून ती वही घेऊन आगारात जाऊ, आणि एक प्रत वार्षिक सर्वसाधारण सभेत मांडू. शिव्यांना उत्तर देता येतं. तारीख-वेळ लिहिलेल्या वहीला देणं जड जातं.

आबांना त्या दिवशी आम्ही आमच्या जीपमधून तालुक्याला सोडलं. उतरताना ते म्हणाले, "आज तुमी भेटलासा म्हून बरं झालं. परत मंगळवारी बोलावलंय डाक्टरनं."

मंगळवारी तिथं आमची जीप नसेल. एसटी असली पाहिजे.