अंधूक काच, हलका खिसा

चार बाय पाच इंचांच्या फिल्मसाठी वाइड अँगल हवा, की नजर आधी ९० मिमीच्या एफ/५.६ लेन्सवर जाते. खिसा तिथेच रिकामा होतो.

श्नायडरची जुनी अँग्युलॉन, ९० मिमी एफ/६.८, चिमुकली आणि सेकंडहँड बाजारात स्वस्त. पण तिचं प्रतिमावर्तुळ एफ/२२ ला फिल्मचे कोपरे जेमतेम झाकतं. निसर्गदृश्याला चालेल, उंच इमारतीसाठी लेन्स वर सरकवली, की कोपरे काळे! त्यापेक्षा सुपर-अँग्युलॉन एफ/८ घ्यावी. तिचं वर्तुळ २१६ मिमीचं, सरकवायला ऐसपैस.

एफ/५.६ च्या तुलनेत एफ/८ ला फोकसिंगच्या काचेवर चित्र अंधूक दिसतं, ही तक्रार खरी. पण डोक्यावर काळं कापड असतंच, आणि फोटो शेवटी एफ/२२ च्या आसपासच निघतो. खरेदीआधी शटरचा एक सेकंदाचा वेग मात्र ऐकून बघावा. जुन्या वंगणामुळे तो बरेचदा रेंगाळतो.