नुसते ‘छान आहे’ काय कामाचे?

कोलकात्याच्या सॉल्ट लेकमधला सेक्टर फाइव्ह म्हणजे संगणक कंपन्यांची वसाहत. तिथे तयार होणारा नवा प्रोग्रॅम किंवा मोबाईलवरचे नवे ॲप एकदम बाजारात जात नाही. आधी ते निवडक गिऱ्हाइकांच्या हाती द्यायचे, काही दिवस वापरू द्यायचे आणि उणिवा शोधून काढायच्या, अशी या धंद्याची रीत आहे. तिला बीटा टेस्टिंग म्हणतात.

रीत चांगलीच आहे. पण पुष्कळदा होते असे, की पंधरा दिवसांनी शंभर जणांकडून शंभर तऱ्हेचे अभिप्राय येतात. कुणाला रंग भडक वाटतो, कुणाला अक्षरे बारीक वाटतात आणि बरेच जण ‘छान आहे’ एवढे म्हणून मोकळे होतात. माल बाजारात न्यावा की नाही, या मूळ प्रश्नाचे उत्तर मात्र त्या ढिगाऱ्यात सापडत नाही. यात दोष गिऱ्हाइकांचा नसतो. त्यांच्याकडून नेमके काय जाणून घ्यायचे, हेच आधी ठरलेले नसते.

याच सॉल्ट लेकमध्ये एक डॉक्टर राहत होते. डॉ. दिलीप महालनबीस. १६ ऑक्टोबर २०२२ रोजी, वयाच्या ८७व्या वर्षी ते गेले. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले. संगणकाच्या धंद्याशी त्यांचा संबंध नव्हता. पण ज्या वस्तूच्या चाचणीशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले, ती आज घरोघरी ठाऊक आहे. जुलाब लागले की पाण्यात कालवून द्यायची ओआरएसची पुडी!

ही पुडी जगन्मान्य होण्याआधी तिच्या अनेक चाचण्या झाल्या, आणि त्यांतल्या महत्त्वाच्या बंगालच्या भूमीवर झाल्या. प्रत्येक वेळी औषध जवळपास तेच होते. मीठ, ग्लुकोज आणि पाणी. बदलत गेला तो चाचणीत विचारलेला प्रश्न. नवा माल घेऊन बाजारात उतरणाऱ्या कुणालाही या हकिगतीतून शिकता येईल.

मोजायचे राहून गेले

१९५३ साली कोलकात्याचे डॉ. हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय साप्ताहिकात एक लेख लिहिला. पटकीच्या १८६ रुग्णांना त्यांनी ग्लुकोज आणि मीठ घातलेले पाणी पाजून बरे केले होते. त्या काळी पटकीवर शिरेतून सलाईन देणे हाच खात्रीचा उपाय समजला जाई. तेव्हा ही बातमी खळबळ उडवणारी ठरायला हवी होती. पण ती तशी ठरली नाही.

कारण डॉक्टरांचे मुख्य लक्ष उलट्या थांबवण्याकडे होते. रुग्णाने किती पाणी घेतले आणि त्याच्या अंगातून किती गेले, याचा ताळेबंद ठेवलेला नव्हता. तुलनेसाठी रुग्णांचा दुसरा गटही नव्हता. तज्ज्ञांनी मान हलवली आणि विषय मागे पडला. औषध बरोबर होते, परंतु त्याने सलाईनचे काम भागते का, हा प्रश्न मोजून विचारलाच गेला नव्हता.

एक प्रश्न, एक आकडा

त्यानंतरच्या वर्षांत शास्त्रज्ञांना एक गोष्ट उमगली. आतड्यात ग्लुकोज असले, तर त्याच्या जोडीने मीठ आणि पाणी रक्तात शोषले जाते. या ज्ञानाच्या आधारावर १९६८ साली ढाक्याच्या कॉलरा संशोधन प्रयोगशाळेत डेव्हिड नॅलिन आणि रिचर्ड कॅश या दोन तरुण अमेरिकन डॉक्टरांनी आपल्या सहकाऱ्यांसह चाचणी घेतली.

त्यांचा प्रश्न अगदी अरुंद होता. शिरेतून द्यावे लागणारे सलाईन यामुळे किती कमी होईल? अंगातून जेवढे पाणी गेले, तेवढे मोजून पाजायचे आणि सलाईनचा हिशेब ठेवायचा. रुग्ण फार नव्हते, तीसच्या आतच होते. तरीही उत्तर स्वच्छ मिळाले. सलाईनची गरज ८० टक्क्यांनी कमी झाली. १८६ रुग्णांनी जे जगाला पटले नाही, ते तिसापेक्षा कमी रुग्णांनी पटवले. परीक्षक किती गोळा केले, याला चाचणीत फारसे महत्त्व नसते. प्रश्न किती नेमका आहे, यावर सारे अवलंबून असते.

इस्पितळाबाहेर काय?

तरी एक प्रश्न उरलाच. ढाक्यात शिकलेले डॉक्टर होते, परिचारिका होत्या, मोजमापाची साधने होती. हे काहीच नसेल तर?

ती वेळ १९७१ मध्ये आली. पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. सॉल्ट लेकमध्ये तेव्हा आजची टुमदार घरे नव्हती. डॉ. बिधानचंद्र रॉय मुख्यमंत्री असताना खारी दलदल नदीच्या गाळाने भरून काढून नवे उपनगर वसवण्याचे काम सुरू झाले होते. त्या मोकळ्या जमिनीवर निर्वासितांची मोठी छावणी पडली. गटारांसाठी आणलेल्या सिमेंटच्या रुंद नळांतसुद्धा कुटुंबे राहत होती. सीमेजवळच्या बनगावची स्थिती त्याहून बिकट होती. पटकीची साथ आलेली, इस्पितळाच्या खोल्या भरून रुग्ण जमिनीवर निजवलेले आणि सलाईनच्या बाटल्या संपत आलेल्या.

जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या कोलकात्यातील संशोधन केंद्रात काम करणारे डॉ. महालनबीस जूनच्या अखेरीस तिथे पोहोचले. त्यांनी कोलकात्यात पुड्या भरण्याची साखळी उभी केली. एक जण ग्लुकोज तोली, दुसरा मीठ, तिसरा खाण्याचा सोडा. एका लिटरला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम सोडा. प्लॅस्टिकच्या पिशव्यांची तोंडे गरम इस्त्रीने बंद केली जात. पटकीत शरीरातले पोटॅशियमही जाते, हे डॉक्टरांना माहीत होते. तरी या पुडीत पोटॅशियम नव्हते. सहज मिळेल, स्वस्त पडेल, चुकायला वाव राहणार नाही एवढेच तीत घातले होते.

अत्यवस्थ रुग्णांना आधी सलाईन दिले जाई. बाकीच्यांसाठी पिंपांत पाणी कालवून ठेवलेले असे. ते पेल्याने पाजण्याचे काम रुग्णाच्या आईने, बापाने, भावाने करायचे. या चाचणीचा खरा प्रश्न हाच होता. वैद्यकाचा गंध नसलेल्या माणसाच्या हातून हे औषध जीव वाचवते का? मोजायचा आकडाही एकच, मृत्यूंचा.

काही छावण्यांत पटकीने मरणाऱ्यांचे प्रमाण ३० टक्क्यांपर्यंत गेले होते. बनगावला डॉ. महालनबीस यांच्या देखरेखीखाली सुमारे ३,७०० रुग्णांवर उपचार झाले. त्यांत मृत्यूचे प्रमाण ३.६ टक्के राहिले. हा अहवाल १९७३ मध्ये छापून आला. अनेक तज्ज्ञ साशंकच होते. पण जागतिक आरोग्य संघटनेतले डॉ. धीमान बरुआ यांनी बनगावचे काम पाहून या उपायाची कड घेतली. १९७८ साली ‘लॅन्सेट’नेच या उपचाराला शतकातील कदाचित सर्वांत महत्त्वाचा वैद्यकीय शोध म्हटले.

आणि यशानंतरही चाचणी संपली नाही. औषध जीव वाचवते हे सिद्ध झाल्यावर पुढचा प्रश्न आला. मुलांचे जुलाब आणि उलट्या त्याने कमी करता येतील का? मीठ आणि ग्लुकोजचे प्रमाण घटवून अनेक देशांत चाचण्या झाल्या. नव्या मिश्रणाने मुलांना ऐनवेळी सलाईन लावण्याचे प्रमाण सुमारे ३३ टक्क्यांनी उतरले, आणि २००२ मध्ये जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी ते स्वीकारले. आजची पुडी ती हीच. डॉ. महालनबीस यांनी स्थापन केलेली सोसायटी फॉर अप्लाइड स्टडीज ही संशोधन संस्थाही सॉल्ट लेकमधलीच.

घरच्या धंद्यालाही लागू

आता औषधावरून स्वयंपाकघरात येऊ. समजा, एखाद्या गृहिणीला थालीपिठाची तयार भाजणी विकायची आहे. ती पन्नास पुड्या करते आणि जाऊबाई, मैत्रिणी, शेजारणींना वाटते. साऱ्या जणी म्हणतात, ‘छानच झालीय हो!’ त्या भरवशावर ती कर्ज काढते, मोठे यंत्र घेते, आणि चार महिन्यांनी माल पडून राहतो. जाऊबाई खोटे बोलल्या नव्हत्या. त्यांना विचारलेच होते, ‘कशी झालीय?’ या प्रश्नाला घरोब्यात दुसरे उत्तर नसते.

त्याऐवजी पुड्या वाटण्याआधी तिने एका कागदावर पाच ओळी लिहून ठेवाव्यात.

पहिली ओळ : प्रश्न. ‘भाजणी कधी न केलेल्या व्यक्तीला, केवळ पुडीवरची कृती वाचून, न मोडणारे थालीपीठ लावता येते का?’ प्रश्न एकच असावा. चव, किंमत, वेष्टन या सगळ्यांची परीक्षा एकाच फेरीत घेऊ नये.

दुसरी ओळ : आकडा. तीसपैकी किती जणींना ते जमले, तर पुढे जायचे? पंचवीस म्हणावे, वीस म्हणावे, पण चाचणीपूर्वी म्हणावे. नंतर ठरवलेला आकडा मनाला सोयीचा असतो.

तिसरी ओळ : माणसे. विकत घेणार आहेत तीच माणसे निवडावीत. नोकरी करणाऱ्या मुली, एकटे राहणारे विद्यार्थी. सुगरण शेजारीण कशीही भाजणी सावरून घेते, म्हणून ती इथे उपयोगाची नाही. बनगावला पेला रुग्णाच्या आईच्या हाती होता, हे विसरू नये.

चौथी ओळ : मुदत. गूगलच्या जीमेलवर १ एप्रिल २००४ पासून जुलै २००९ पर्यंत ‘बीटा’ ही पाटी होती. एवढ्या मोठ्या कंपनीला ते परवडते. घरच्या धंद्याला तीन आठवडे पुरेत.

पाचवी ओळ सर्वांत अवघड : आकडा गाठला नाही तर काय करायचे? कृती बदलायची, की मालच सोडून द्यायचा? हे आधी लिहिलेले नसेल, तर अपयश समोर दिसत असूनही माणूस ‘आणखी थोडे पाहू’ म्हणत राहतो, आणि त्या ‘थोड्या’त घरचे दागिने गहाण पडतात.

दुसऱ्या फेरीत प्रश्न बदलावा. पहिली पुडी जमली, तर पाहावे, की तीसपैकी किती जणी स्वतःचे पैसे देऊन दुसरी पुडी मागतात. तोंडभर स्तुती करणारे पुष्कळ भेटतात. पाकीट उघडणारे किती, हेच धंद्याला कळायला हवे.

सेक्टर फाइव्हमधला ॲप करणारा तरुण असो की भाजणी विकणारी गृहिणी, दोघांनाही हा कागद सारखाच कामाचा आहे. बनगावच्या त्या पावसाळ्यात डॉ. महालनबीस यांच्यापाशी कसलीच सोय नव्हती. पण काय पाहायचे, हे स्पष्ट होते : समोरचा माणूस जगतो की नाही.