ओहोटी अकरा ते पाचच्या वेळात बसत नाही

पुळणीवर पाऊल न ठेवता सागरी परिसंस्थेवरच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र मिळवता येते, हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. व्हिडिओ पाहायचे, शेवटची प्रश्नावली सोडवायची, गुण जुळले की प्रमाणपत्र डाउनलोड करून फाइलला लावायचे. यात शिक्षकाचा दोष नाही. शाळा, घर आणि शाळाबाह्य कामे सांभाळून तास भरायचे तर हाच मार्ग हाताशी आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये प्रत्येक शिक्षकाला दरवर्षी किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची संधी मिळावी, असे म्हटले आहे. हे तास कुठे, कोणाबरोबर आणि दिवसाच्या कोणत्या वेळी घालवायचे, हे मात्र आजवर इतरांनी ठरवले. विज्ञान आणि पर्यावरण शिकवणाऱ्यांनी यंदा त्यात आपले म्हणणे मांडावे, अशी आमची विनंती आहे.

पर्यावरणाचा विषय आपल्याकडे आला तोच उलट्या क्रमाने. सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करण्याचा आदेश दिला. २००३ मध्ये न्यायालयाला पुन्हा लक्ष घालावे लागले. त्यानंतर शालेय अभ्यासक्रम तयार झाला, पदवी स्तरावर विद्यापीठ अनुदान आयोगाचा सहा महिन्यांचा अनिवार्य अभ्यासक्रम आला आणि त्यासाठी पुण्याच्या डॉ. इराक भरुचा यांचे पाठ्यपुस्तकही आले. महाराष्ट्रात आज प्राथमिक वर्गांत परिसर अभ्यास आहे, अकरावी-बारावीला ‘पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा’ आहे. आदेश आला, पुस्तक आले, परीक्षाही आली. राहिला तो शिक्षक. कार्यभार पूर्ण करायला ज्याला चार तासिका कमी पडतात त्याच्याकडे पर्यावरण, असा अनेक ठिकाणचा रिवाज आहे. मग खारफुटीचा धडा मराठीचा शिक्षक वाचून दाखवतो आणि पदवीच्या वर्गात तोच विषय वाणिज्य शाखेचा प्राध्यापक उरकतो. अशा शिक्षकाला प्रशिक्षणाची गरज सर्वांत जास्त, पण तो आपल्या मूळ विषयाच्या प्रशिक्षणाला जातो.

संधी नाहीत, असे मात्र म्हणता येणार नाही. गोव्यात दोनापावला येथे १९६६ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था, मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आणि गोरेगावला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे संवर्धन शिक्षण केंद्र आहे. राज्याच्या वनविभागाने २०१२ मध्ये कांदळवन कक्ष स्थापन केला. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात ठाणे खाडीतली खारफुटी आणि रोहित पक्षी जवळून पाहता येतात. रत्नागिरीत कोकण कृषी विद्यापीठाचे सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्र आहे आणि त्याचे मत्स्यालय-संग्रहालय शाळांच्या सहलींना चांगलेच परिचयाचे आहे. हैदराबादची ‘इन्कॉइस’ मासेमारांना मत्स्यक्षेत्राचे अंदाज आणि किनाऱ्याला उंच लाटांचे इशारे देते. तिचे प्रशिक्षण केंद्र समुद्रविज्ञानाचे अभ्यासक्रम चालवते, ते महाविद्यालयीन प्राध्यापकांना उपयोगी आहेत. प्राध्यापकांसाठी २०२३ पासून मालवीय मिशनचे वर्ग आहेत. मुंबईत ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ हा नागरिकांचा गट २०१७ पासून लोकांना ओहोटीच्या वेळी खडकाळ किनाऱ्यावर घेऊन जातो.

यादी एवढी मोठी असूनही रायगड किंवा सिंधुदुर्गातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतली शिक्षिका यातल्या फारच थोड्या ठिकाणी पोहोचते. अंतर आणि खर्च ही कारणे आहेतच. त्याहून मूळ कारण वेळेचे आहे, आणि त्याची चर्चा कुठेच होत नाही.

आपले प्रशिक्षण अकरा ते पाच चालते. कोकण किनाऱ्यावर चांगली ओहोटी या वेळात सहसा येत नाही. हे योगायोगाने घडत नाही. कोळीवाड्यात भरतीची वेळ काढायचा जुना हिशेब आहे: तिथीला तिनाने गुणायचे, चाराने भागायचे. चतुर्थीला तीन वाजता भरती, अष्टमीला सहा वाजता. अमावास्या-पौर्णिमेला ती बाराच्या आसपास असते. दक्षिणेकडे गोव्यापर्यंत जाता जाता हीच वेळ थोडी आधी येते. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. म्हणजे उधाणाच्या दिवसांत, जेव्हा पाणी सर्वांत खाली उतरते, तेव्हा ओहोटी पहाटे किंवा संध्याकाळी असते. भर दुपारी ओहोटी मिळते ती अष्टमीच्या सुमारास. पण ते भांगाचे दिवस, पाणी फारसे मागे हटतच नाही. उधाणात मुंबईला भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या पुढे जातो. त्या वेळी उघडा पडणारा खडक दुपारच्या सत्रातल्या शिक्षकाला दिसणारच नाही. त्याला चहापाण्यानंतर बसमधून किनाऱ्यावर नेले, तर तो लाटा पाहून परत येतो.

खुद्द हा हिशेब किती चांगला धडा आहे पाहा. नियम रोज ४५ मिनिटांचा उशीर धरतो. प्रत्यक्षात तो सरासरी ५० मिनिटांच्या आसपास असतो, आणि रोज सारखाही नसतो: उधाणात कमी, भांगात जास्त. भारतीय सर्वेक्षण विभागाची भरतीची कोष्टके एका बाजूला आणि पंचांग दुसऱ्या बाजूला ठेवून पंधरा दिवसांची तुलना केली, तर सातवीचा वर्गसुद्धा नियम कुठे चुकतो ते शोधून काढेल. सूर्य-चंद्राचे आकर्षण, कोन, सरासरी, मोजमापातली चूक हे सगळे एका आलेखात येते. पण हे करून घ्यायला शिक्षकाने आधी स्वतः करून पाहिलेले असावे लागते. ‘समुद्राच्या पातळीतील नियमित चढउतार’ ही व्याख्या पाठ असून त्याचे भागत नाही.

खडकावर उतरल्यावर काय शिकायचे, तेही स्पष्ट असावे. वरच्या पट्ट्यात, जिथे लाटेचे तुषारच पोहोचतात, तिथे बारीक शंखांच्या गोगलगायी आणि बार्नेकल दिसतात. मधल्या पट्ट्यात कालवे. अगदी खाली, उधाणाच्या ओहोटीतच उघड्या पडणाऱ्या भागात शैवाल, स्पंज आणि समुद्रफुले. किनाऱ्यावरून पाण्यापर्यंत एक दोरी टाकायची, ठरावीक अंतरावर अर्ध्या मीटरची चौकट ठेवायची, आत काय आहे ते मोजायचे आणि लिहायचे. अनुकूलन, स्पर्धा, उन्हात कोरडे पडण्याचा ताण हे शब्द मग पुस्तकातून येत नाहीत, मोजलेल्या आकड्यांतून येतात. हे काम एकदा करून भागत नाही. त्याच खडकावर ऑक्टोबरात, जानेवारीत आणि मार्चमध्ये गेले तरच बदल म्हणजे काय ते कळते. एकदिवसीय कार्यशाळा इथेच तोकडी पडते. ती ओळख करून देते, निरीक्षक घडवत नाही.

किनाऱ्यावरच्या प्रशिक्षणात कायदाही यायला हवा. आपल्या कित्येक शाळांच्या कपाटांत शंख, शिंपले आणि प्रवाळाचे तुकडे मांडलेले आहेत, आणि त्यांत भर घालणाऱ्या मुलांचे कौतुक होते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ च्या अनुसूचींत २००१ मध्ये प्रवाळ, समुद्रकाकड्या आणि शंखांच्या काही जाती घेतल्या गेल्या. त्या गोळा करणे किंवा बाळगणे गुन्हा ठरू शकते. शिक्षकाने फोटो काढावा, जागा आणि वेळ लिहावी, उलटलेला दगड होता तसा ठेवावा. आयनॅचरलिस्टसारख्या ठिकाणी तो फोटो टाकला, तर जाती ओळखायला तज्ज्ञांची मदत मिळते आणि आपली नोंद इतर अभ्यासकांच्याही उपयोगी पडते.

सुलभक कोण, हा पुढचा प्रश्न. समुद्रजीवशास्त्राचा पदव्युत्तर शिक्षक प्रत्येक तालुक्यात मिळणार नाही. पण ओहोटीला कालवे फोडायला, मुळे-तिसऱ्या काढायला जाणाऱ्या बायका प्रत्येक खाडीकाठी आहेत. कोणत्या महिन्यात कुठे काय मिळते, काय पूर्वी मिळायचे आणि आता मिळत नाही, हे त्यांना ठाऊक असते. वेळासला २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेबरोबर गावकऱ्यांनी ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखली. आज पाहुण्यांना कासवांविषयी सांगतात ते बहुतांशी गावातलेच लोक. हीच रीत शिक्षक प्रशिक्षणात आणता येईल. अट एकच: त्यांना फुकटात राबवू नये. तज्ज्ञाला जे मानधन, तेच त्यांनाही, आणि उपस्थितीपत्रकावर त्यांचे नाव ‘मार्गदर्शक’ या रकान्यात.

महाराष्ट्राच्या ३६ जिल्ह्यांपैकी किनारा सातच जिल्ह्यांना आहे. बाकीच्या वाचकांनी हे संपादकीय बाजूला ठेवू नये. वेळेचा प्रश्न तुमच्याकडेही आहे. उजनीच्या पाण्यावरचे किंवा नांदूर मधमेश्वरचे पक्षी सकाळी लवकर पाहायचे असतात. विहिरीची पातळी पावसाआधी आणि पावसानंतर मोजली तरच तिला अर्थ येतो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा, जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये, मोजते. त्यातल्या दोन वेळांना तालुक्यातल्या पर्यावरण शिक्षकांना बरोबर नेले, तर ‘जलसुरक्षा’ शिकवण्याचे याहून चांगले प्रशिक्षण दुसरे नाही. त्यासाठी सभागृह लागत नाही, प्रोजेक्टर लागत नाही.

शिक्षकाला कामाच्या जागी नेण्याची ही कल्पना नवी नाही. अमेरिकेची नोआ ही सागर व वातावरण संस्था १९९० पासून शाळांमधल्या शिक्षकांना आपल्या संशोधन जहाजांवर पाठवते. ते शास्त्रज्ञांबरोबर काम करतात आणि परतल्यावर त्यातून पाठ तयार करतात. तिथल्याच शिक्षकांनी आणि शास्त्रज्ञांनी मिळून २००५ मध्ये सागरी साक्षरतेची सात तत्त्वे मांडली, कारण देशाच्या विज्ञान अभ्यासक्रमाच्या मानकांत समुद्र जवळजवळ नव्हताच. संयुक्त राष्ट्रांनी २०२१ ते २०३० हे दशक सागरी विज्ञानाला वाहिले आहे, आणि सागरी साक्षरतेचा शब्द आता जगभर चालतो. आपल्याकडे ‘सागर कन्या’ १९८३ पासून समुद्रात आहे, राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे ‘सिंधु साधना’ आहे. त्यांच्या सफरींत शालेय शिक्षकासाठी एक जागा मागणे गैर नाही. ती मिळेपर्यंत खडक आहे, खाडी आहे, खाजण आहे.

अडचणी खऱ्या आहेत. पहाटे पाच वाजता किनारा गाठायचा, तर शिक्षिकांच्या प्रवासाची आणि आदल्या रात्रीच्या मुक्कामाची सोय हवी. भरती उलटण्याआधी बाहेर पडण्याचा नियम हवा आणि तो पाळून घेणारा स्थानिक माणूस हवा. जून ते सप्टेंबर खडकावर जाऊच नये. निवडणूक आणि सर्वेक्षणांच्या कामांनी आधीच शिक्षकाची सुट्टी खाल्ली आहे, त्यात पहाटेची भर ‘स्वेच्छेने’ घालणे अन्याय्य होईल. म्हणूनच हे काम हौसेवर सोडू नये, ते कर्तव्यकाळात मोडले पाहिजे.

आमचा प्रस्ताव साधा आहे. ५० तासांपैकी पर्यावरण आणि विज्ञान शिकवणाऱ्यांचे १५ तास क्षेत्रकामाचे धरावेत: एकाच जागी तीन वेळा तीन-तीन तास, आणि प्रत्येक फेरीच्या तयारीसाठी व नोंदींसाठी दोन तास. त्या दिवशी शाळेत उशिरा येण्याची लेखी मुभा असावी. पर्यावरण ज्याच्या वाट्याला आले, तो मूळ कोणत्याही विषयाचा असो, त्याला या फेऱ्यांत पहिले स्थान मिळावे. १२ आणि २४ वर्षांच्या सेवेनंतर वरिष्ठ आणि निवड श्रेणीसाठी जे प्रशिक्षण घ्यावे लागते, त्यातही या नोंदवहीला प्रकल्पाइतके वजन द्यावे.

हे वरून येण्याची वाट पाहू नका. केंद्राच्या पुढच्या शिक्षण परिषदेत विषय मांडा. तीन तारखा, जागा, मार्गदर्शकाचे नाव, प्रवासखर्च आणि मानधन एवढे एका पानावर लिहून केंद्रप्रमुखांमार्फत जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेकडे द्या आणि त्यावर आवक क्रमांक घ्या. मुख्याध्यापकांनी सोबत शिफारसपत्र जोडावे. नकार आला तर तो लेखी मागा. दहा तालुक्यांतून असे दहा अर्ज गेले, तर पुढच्या वर्षीचा आराखडा करणाऱ्याला त्याची दखल घ्यावी लागेल. एकही गेला नाही, तर पुढच्या वर्षीही व्हिडिओच येतील, आणि तेव्हा तक्रार करायला आपल्याकडे तोंड उरणार नाही.