सावलीतल्या लॉनचा खोटा धंदा

पाण्याशिवाय उन्हाळा काढेल आणि भिंतीच्या सावलीतही दाट राहील, असं लॉनचं गवत सुरतेत कुठेही मिळत नाही. जो ते देतो म्हणतो, तो खोटं बोलतो. हे इतक्या स्वच्छ शब्दांत लिहायची वेळ आली आहे, कारण पर्वत पाटिया, गोडादरा, डिंडोली या पट्ट्यातल्या रो-हाऊसच्या सोसायट्या या खोट्यासाठी पुन्हा पुन्हा पैसे मोजत आहेत.

आमच्या सोसायटीनेही मोजले. कॉमन प्लॉट घरांच्या ओळीच्या उत्तरेला, कडेला दोन मोठे कडुलिंब. ठेकेदार जूनमध्ये आला, जागा पाहिली आणि म्हणाला, "छाँव में भी चलेगा, पानी भी कम लगेगा." कमिटीने सही केली. गवताच्या लाद्या अंथरल्या, पाऊस पडला, नवरात्रात गरबा त्याच्याच कडेने झाला. संक्रांतीला भिंतीलगतचा पट्टा पिवळा पडला होता, होळीला तिथे माती उघडी होती. ठेकेदाराला बोलावलं तर त्याने माळ्यावर ढकललं: पाणी कमी पडलं. मग दोन वेळ पाणी सुरू झालं. गवत कुजलं, त्या ओलीत लव्हाळा माजला आणि त्याच ठेकेदाराने नव्या लाद्यांचा भाव सांगितला.

पाणी कमी पडलं नव्हतं. ऊन गेलं होतं. आणि ते जाणार हे त्या माणसाला जूनमध्येच माहीत असायला हवं होतं, कारण त्याचा धंदाच तो आहे.

सुरत कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, साधारण 21 अंश अक्षांशावर आहे. मेच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत दुपारचा सूर्य इथे डोक्यावर, किंचित उत्तरेलाच असतो. त्या दिवसांत घराच्या उत्तरेच्या अंगणातही दुपारी लख्ख ऊन पडतं. ठेकेदार जागा दाखवतो ती याच दिवसांत. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तोच सूर्य दुपारी जेमतेम 45 अंशांवर येतो. म्हणजे 25 फूट उंच भिंतीची सावली भर दुपारी उत्तरेला जवळजवळ 25 फूट पडते, आणि सकाळी-संध्याकाळी त्याहून लांब. बहुतेक सोसायट्यांत एवढ्यात अख्खा लॉन झाकला जातो. पाऊसही नेमका याच सुमारास संपलेला असतो. सुरतेचा जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबरात पडतो, पुढचे आठ महिने आभाळ कोरडं. दुष्काळ आणि सावली या गावात हातात हात घालून येतात, दसऱ्यानंतर. जून-जुलैत हिरवं दिसलेलं गवत म्हणून कशाचाही पुरावा ठरत नाही.

आता गवतांकडे पाहू. आपल्या हवेत टिकणारी लॉनची गवतं ऊस, ज्वारी, मका यांच्याच पद्धतीने ऊन वापरणारी आहेत. बांधावरच्या निंबाखाली ज्वारीचं ताट कसं खुरटतं, हे शहादा, नंदुरबार, अमळनेरहून इथे मागावर आणि मार्केटात आलेल्या कुणालाही शिकवावं लागत नाही. त्याच माणसांना निंबाखाली लॉन विकला जातो, याचा मला संताप येतो.

त्यांच्याच ओळखीची हरळी घ्या. गणपतीला वाहतो ती दूर्वा, कपाशीच्या शेतात शत्रू ठरते ती हरळी आणि क्रिकेटच्या मैदानावरचं बर्म्युडा, सगळं एकच गवत. खान्देशातल्या शेतकऱ्याने तिच्यापायी रानं खोल नांगरली, काश्या वेचून बांधावर टाकल्या, वैशाखाच्या उन्हात वाळवल्या, आणि मृगाच्या पहिल्या सरीला ती पुन्हा फुटलेली पाहिली. जमिनीखालच्या काश्यांत जीव धरून ठेवायची तिची ताकद अफाट आहे. पाण्याअभावी ती तपकिरी पडते, पण मरत नाही. पोरांचे पाय, पाटियाच्या बाजूला दर पावसाळ्यात चढणारं खाडीचं पाणी, काळ्या मातीच्या भेगा, हे सगळं ती सोसते. सोसत नाही ती फक्त सावली. तिला दिवसाचं सहा ते आठ तास थेट ऊन लागतं. ते मिळालं नाही की पानं लांबट-फिकी होतात, मुळं वर येतात, आणि मुळं वर आली की तिचा प्रसिद्ध चिवटपणाही संपतो. दुष्काळ सोसणारं गवत सावलीत दुष्काळ सोसत नाही. जाहिरातीत हे वाक्य कधीच नसतं.

सावलीसाठी म्हणून नर्सऱ्या रुंद पानाचं गवत देतात, कुठे बफेलो नावाने, कुठे कार्पेट नावाने. त्या नावाखाली ॲक्सोनोपस असो की सेंट ऑगस्टीन, सावली ही दोन्ही खरोखर हरळीपेक्षा जास्त सोसतात. पण ॲक्सोनोपसला कायम ओल हवी, आणि सेंट ऑगस्टीन हरळीसारखं तपकिरी पडून पुन्हा उठेल अशी आशा धरू नये. कोरियन नावाचं मऊ गवत, म्हणजे एक झोयशिया, उंचवटे धरतं आणि फार सावकाश पसरतं. झोयशियाचीच मॅट्रेला जात मात्र प्रामाणिक आहे: चार-पाच तास ऊन असेल तर अर्धवट सावली आणि बऱ्यापैकी कोरड, दोन्ही निभावते. ऑनलाइन मिळणारी फेस्क्यू-रायग्रासची 'शेड मिक्स' पाकिटं थंड देशांसाठी आहेत. सुरतेचा मे त्यांना ठार करतो. चार तासांपेक्षा कमी ऊन असेल तर कुठलंही गवत लावू नका.

आणि पाणी. एक मिलिमीटर पाणी म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर. उन्हाळ्यात लॉन हिरवागार ठेवायचा तर रोज चार-पाच मिलिमीटर लागतं. 100 चौरस मीटरच्या कॉमन प्लॉटला रोज 400 ते 500 लिटर. शहरी माणसाच्या पाणीपुरवठ्याचं राष्ट्रीय प्रमाण माणशी 135 लिटर आहे, म्हणजे तीन माणसांचं पाणी आपण मरणाऱ्या गवतावर ओततो. याच शहरात बमरोलीला सांडपाणी शुद्ध करून ते पांडेसऱ्याच्या कारखान्यांना दिलं जातं. कारखान्यांनी वापरलेलं पाणी चालवून घ्यायचं आणि कमिटीने उकाईहून आलेलं पिण्याचं पाणी सावलीतल्या लाद्यांवर सोडायचं, ही निव्वळ उधळपट्टी आहे.

याला कंटाळून काही सोसायट्या उलट्या टोकाला जातात आणि सगळा प्लॉट पेव्हर ब्लॉकने बुजवतात. ते तर लॉनपेक्षा वाईट. खाडीचा पूर दारात येणाऱ्या वस्तीत पाणी मुरायची उरलीसुरली जमीनही बंद करायची, आणि मग महापालिकेच्या नावाने ओरडायचं!

उघड्या उन्हाचा भाग हरळीला द्या. ती विकत घ्यायचीही गरज नाही, गावाकडच्या बांधावरून पोतंभर काश्या आणा आणि आषाढात टोचा. अर्धवट सावलीत मॅट्रेला लावा, दोन-अडीच इंचांखाली कापू नका, हिरवेपणासाठी युरिया मारू नका, सावलीत युरियाने गवत फोपसं होतं. निंबाखाली पालापाचोळा पडू द्या, एक ओटा बांधा, कडेने मोंडो नाहीतर सर्पपर्णी लावा. म्हाताऱ्यांना दुपारी बसायला ती जागा लॉनपेक्षा जास्त उपयोगी पडेल.

कमिटीत असाल तर एवढं कराच. डिसेंबरात एका रविवारी सकाळी नऊ, बारा, तीन आणि पाच वाजता सावलीची कड चुन्याने आखा आणि तो नकाशा सभेपुढे ठेवा. ठेकेदाराकडून गवताचं शास्त्रीय नाव, त्याला लागणारे उन्हाचे तास आणि पुढच्या होळीपर्यंतची हमी लेखी घ्या. लिहून द्यायला तो तयार नसेल, तर त्याला एक रुपयाही देऊ नका.